'आपण' आणि 'आम्ही' : पुंज क्षेत्र सिद्धांताच्या पहिल्या पाठ्यपुस्तकाची निवड

पाठ्यपुस्तकाची निवड हा विषय सामान्यतः समीक्षेच्या कक्षेत धरला जात नाही. काव्याची, कादंबरीची, फार तर शास्त्रीय प्रबंधाची समीक्षा होते. पाठ्यपुस्तकाची केवळ शिफारस होते. अभ्यासमंडळ एक यादी तयार करते, ग्रंथालय त्या यादीप्रमाणे प्रती मागविते, आणि विद्यार्थी त्यांतील जी प्रत हाती लागेल ती वाचावयास बसतो. या व्यवहारात ग्रंथाची कीर्ती, त्याचा विस्तार आणि ग्रंथकर्त्याचा अधिकार या तीन गोष्टी पाहिल्या जातात. ग्रंथ कोणाशी बोलतो आणि कसा बोलतो, हे पाहिले जात नाही. वस्तुतः पाठ्यपुस्तक हा भाषेचाच एक प्रयोग होय. वक्ता, श्रोता आणि विषय हे तिन्ही घटक त्यात असतात, आणि त्यांच्या परस्परसंबंधावरच पुस्तकाचे यश अवलंबून राहते. हा संबंध सर्वांत अधिक ताणला जातो तो अत्यंत कठीण विषयाच्या पहिल्या पुस्तकात. म्हणून आधुनिक भौतिकीतील पुंज क्षेत्र सिद्धांत, ज्यास इंग्रजीत क्वांटम फील्ड थिअरी म्हणतात, त्याच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांचे उदाहरण येथे विचारार्थ घेतले आहे.

निवड कोणासाठी, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावरील गाव. नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मस्थान म्हणून साहित्याच्या वाचकांस ते परिचित आहे. तेथील एखादा विद्यार्थी मराठी माध्यमातून शालेय शिक्षण पुरे करतो, साताऱ्यास किंवा सांगलीस विज्ञानाची पदवी घेतो आणि १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भौतिकीच्या पदव्युत्तर वर्गात दाखल होतो, अशी कल्पना करावी. मुंबईच्या विद्यार्थ्यास १९४५ साली स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था जवळ आहे, पुण्याच्या विद्यार्थ्यास 'आयुका' आहे. तेथे अडलेली ओळ विचारण्यास कोणी ना कोणी भेटते. रहिमतपूरचा हा विद्यार्थी मात्र सुट्टीत घरी बसून, इंग्रजी या दुसऱ्या भाषेत, एकट्याने पुस्तक वाचीत असतो. त्याच्या बाबतीत ग्रंथ हाच गुरू. तिसाव्या पृष्ठावर त्याचे पाऊल अडखळले तर दोष पुस्तकाच्या सांगण्यात आहे की आपल्या बुद्धीत, याचा निवाडा त्यास एकट्यालाच करावा लागतो, आणि तो निवाडा तो बहुधा स्वतःविरुद्ध देतो. निवडीत पणाला लागते ते हे. चुकीच्या पहिल्या पुस्तकाने एक विषय हुकतो एवढेच नव्हे. त्या विषयास आपण पात्र नाही असा एक खोटा समज आयुष्यभर मागे राहतो.

विषयाचे स्वरूप थोडक्यात असे. 'क्षेत्र' हा शब्द तत्सम, तर 'शेत' हा त्याचाच तद्भव. शेतातील प्रत्येक जागी ओलीचे मान निराळे असते. जागा सांगितली की मान सांगता येते. भौतिकीतील क्षेत्राची कल्पना मुळात एवढीच आहे : अवकाशातील प्रत्येक बिंदूस प्रत्येक क्षणी एखाद्या राशीचे मूल्य असणे. या क्षेत्रास पुंजयामिकीचे नियम लावले म्हणजे त्याच्या आंदोलनांची ऊर्जा वाटेल तशी बदलत नाही. ती ठराविक पुंजांनीच वाढते किंवा घटते. हे पुंज म्हणजेच कण. विद्युत्चुंबकीय क्षेत्राचा पुंज तो फोटॉन, इलेक्ट्रॉन-क्षेत्राचा पुंज तो इलेक्ट्रॉन. डिरॅक यांनी १९२७ साली प्रकाशाचे उत्सर्जन आणि शोषण या रीतीने मांडले, तेथपासून या सिद्धांताचा आरंभ धरला जातो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांस भेटून नाहीसे होतात व त्यांच्या जागी दुसरे कण निर्माण होतात. कणांची संख्याच जेथे बदलते तेथे एका कणाचे साधे समीकरण पुरे पडत नाही. क्षेत्राची गरज लागते ती येथे.

या विषयात शिरण्यास दोन मुख्य द्वारे आहेत. पहिल्यात परिचित हार्मोनिक ऑसिलेटरपासून निघून क्षेत्राचे एकेक आंदोलन त्याच नियमांनी बांधले जाते. दुसऱ्यात कणाच्या वा क्षेत्राच्या सर्व संभाव्य मार्गांची बेरीज घेतली जाते. तिला पाथ इंटिग्रल म्हणतात. दोन्ही द्वारे एकाच वास्तूत उघडतात. तथापि कोणत्या द्वाराने नेले यापेक्षा नेताना वाचकास बरोबर घेतले किंवा नाही, हा प्रश्न पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याची परीक्षा करण्याचे एक साधन मराठी भाषेतच उपलब्ध आहे.

इंग्रजी शास्त्रीय गद्याचा नित्याचा कर्ता 'वी' हे सर्वनाम आहे. 'वी' पाहतो, 'वी' मानतो, 'वी'ला आढळते. या सर्वनामात ऐकणारा अंतर्भूत आहे की नाही, हे इंग्रजी व्याकरण सांगत नाही. मराठीस मात्र ते सांगावेच लागते. ऐकणाऱ्यासह तो 'आपण'. ऐकणाऱ्यास वगळून तो 'आम्ही'. हा भेद द्राविड भाषांत स्पष्ट आहे, उदाहरणार्थ तमिळमध्ये. आणि मराठीबरोबर गुजरातीतही तो आढळतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील एखादे वाक्य घेऊन त्यातील 'वी' मराठीत कसा करावा असे विचारले, की लपलेली गोष्ट उघड होते. 'आता आपण दोन्ही बाजूंस गुणू' असे वाक्य असेल आणि वाचक लेखणी घेऊन खरोखरच गुणू शकत असेल, तर तेथे 'आपण' योग्य आहे. 'यावरून सहज दिसते' असे म्हणून पाच पायऱ्या गाळल्या असतील, तर दिसते ते लेखकास व त्याच्या सहकाऱ्यांस. तेथे 'आम्हांस सहज दिसते' असेच भाषांतर करावे लागेल. ही कसोटी सौजन्याच्या सुराची नाही. सूर 'आपण'चा आणि कृती 'आम्ही'ची, असेही पुष्कळदा घडते. कसोटी कृतीची आहे : पुढची ओळ वाचकास स्वतः लिहिता येते काय?

या कसोटीस एक आक्षेप संभवतो. विषयच कठीण असेल तर दोष भाषेस का द्यावा? यावर उत्तर असे की, वस्तूची कठीणता आणि कथनाची कठीणता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील पहिली टाळता येत नाही, व टाळूही नये. दुसरी ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे एकच कठीण स्थळ अनेक ग्रंथांत कसे सांगितले आहे ते पाहणे. वस्तू तीच असल्यामुळे जो फरक दिसेल तो कथनाचा.

असे एक स्थळ या विषयाच्या उंबरठ्यावरच आहे. क्षेत्र म्हणजे असंख्य आंदोलकांचा समूह मानला, तर प्रत्येक आंदोलकाची किमान ऊर्जा शून्य नसते. तिला काही ठराविक मूल्य असते. आंदोलक असंख्य, म्हणून या किमान ऊर्जांची बेरीज अनंत. म्हणजे कोणताही कण नसलेल्या रित्या अवकाशाची ऊर्जाच अनंत ठरते. एकट्याने वाचणारा विद्यार्थी येथे हमखास थांबतो, कारण आजवर अनंत उत्तर आले म्हणजे गणित चुकले, असेच त्यास शिकविलेले असते. त्याला या ठिकाणी काय सांगितले जाते, यावर पुढील वाचन अवलंबून राहते.

पेस्किन आणि श्रोडर यांचा १९९५ चा ग्रंथ आज अनेक विद्यापीठांत प्रमाण मानला जातो. त्यात या स्थळी प्रथम ही अनंत ऊर्जा अपेक्षितच आहे, तरीही काहीशी अस्वस्थ करणारी आहे, याची कबुली येते. प्रयोगात केवळ ऊर्जांमधील अंतर मोजले जाते, म्हणून हे पद सोडून देता येते, असे कारण दिले जाते. आणि हा प्रश्न अधिक खोल पातळीवर पुन्हा उद्भवू शकतो असे सांगून त्याचा विचार उपसंहारात होईल, असे नोंदविले जाते. ऋण घेतले, ते ऋण आहे असे सांगितले, आणि फेडीची जागाही सांगितली. हा 'आपण'चा उत्तम नमुना होय.

श्रेडनिकी यांच्या २००७ च्या ग्रंथात हीच अडचण निराळ्या रीतीने हाताळली आहे. ऊर्जेच्या सूत्रात आरंभापासूनच एक अनिश्चित स्थिर पद ठेवले आहे. अतिसूक्ष्म अंतरांवर सिद्धांतास मर्यादा घालून बेरीज सांत केली जाते, आणि त्या स्थिर पदाचे मूल्य असे निवडले जाते की रित्या अवकाशाची ऊर्जा शून्य व्हावी. येथे वाचकाच्या हाती एक उपाय येतो, जो पुढे रीनॉर्मलायझेशनच्या प्रकरणात पुन्हा उपयोगी पडतो. ए. झी यांच्या 'नटशेल' या २००३ च्या ग्रंथात या ऊर्जेच्या विवेचनास लागूनच कॅसिमिर परिणामाचे प्रकरण येते : दोन धातूच्या पट्ट्या हलविल्या की रित्या अवकाशाच्या ऊर्जेतील फरक खरोखर जाणवतो. जी गोष्ट टाकून देण्याजोगी वाटत होती तिचाच प्रत्यक्ष परिणाम दाखविणे, ही कथनाची मोठीच खुबी आहे.

अमिताभ लाहिरी आणि पलाश बरन पाल या कलकत्त्याच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांचे 'अ फर्स्ट बुक ऑफ क्वांटम फील्ड थिअरी' याच स्थळी सर्वांत साधा मार्ग घेते. ऑपरेटरांचा क्रम बदलून लिहिण्याचा एक नियम ते देते, त्या नियमाने अनंत पद निघून जाते, आणि तोच नियम पुढील गणितांत सतत वापरला जातो. येथे तत्त्वचिंतन थोडे, परंतु विद्यार्थ्यास पुढची ओळ लिहिता येते. चारही ग्रंथांत वस्तू तीच आहे. एक ग्रंथ ऋणाची नोंद देतो, दुसरा उपाय देतो, तिसरा दृश्य देतो, चौथा नियम देतो. कथन हे वस्तूहून वेगळे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

आता ग्रंथांचे समग्र स्वरूप पाहिले पाहिजे. स्टीव्हन वाइनबर्ग यांचे तीन खंड १९९५, १९९६ आणि २००० या वर्षी प्रकाशित झाले. क्षेत्रापासून आरंभ न करता ते कणांपासून आणि सापेक्षतेच्या सममितीपासून निघतात, आणि क्षेत्र मानणे अपरिहार्य का ठरते हे सिद्ध करतात. पहिल्या खंडात पाचव्या प्रकरणापर्यंत क्षेत्राचे विवेचन येत नाही. तर्काच्या दृष्टीने हा क्रम श्रेष्ठ आहे. परंतु तर्काचा क्रम आणि शिकण्याचा क्रम हे एक नसतात, हे संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. पाणिनीची सूत्ररचना लाघवाच्या दृष्टीने अजोड. तरीही शब्द सिद्ध करावयास शिकताना विद्यार्थी भट्टोजी दीक्षितांच्या कौमुदीकडे, आणि त्याहीआधी वरदराजांच्या लघुकौमुदीकडे वळतो. वाइनबर्ग यांचा ग्रंथ अष्टाध्यायीच्या जातीचा आहे. त्याचा 'वी' हा बहुतेक ठिकाणी प्रामाणिक 'आम्ही' आहे. तो दोष नव्हे. तो ग्रंथ पहिल्या वाचकासाठी लिहिलेलाच नाही.

यॉर्केन आणि ड्रेल यांचे दोन खंड १९६४ आणि १९६५ चे. पहिल्या खंडात क्षेत्रांचे पुंजीकरण न करताच फाइनमन यांच्या आकृत्यांपर्यंत पोहोचविले जाते. क्षेत्रे येतात ती दुसऱ्या खंडात. हा मार्ग त्या काळच्या विद्यार्थ्यांस फार सोयीचा वाटला, आणि गणित करावयास शिकविण्याचा त्याचा गुण आजही शिल्लक आहे. परंतु त्यानंतर विद्युत्-दुर्बल सिद्धांत प्रस्थापित झाला, विषयाचे केंद्र बदलले. म्हणून आज पहिले पुस्तक या नात्याने तो देता येत नाही.

झी यांचा ग्रंथ या सर्वांत वाचनीय. क्षेत्राची ओळख गादीच्या उपमेने होते, आणि फटींच्या प्रयोगात एक विद्यार्थी प्रश्न विचारीत विचारीत गुरूस थेट सर्व मार्गांच्या बेरजेपर्यंत नेतो. समान विद्युत्भार एकमेकांस दूर का लोटतात आणि गुरुत्वाकर्षण मात्र जवळ का ओढते, हा प्रश्न ग्रंथाच्या प्रारंभीच्या भागातच सुटतो. तरी याच ग्रंथाच्या बाबतीत सावधगिरी हवी. त्याचा सूर अखंड 'आपण'चा आहे, पण पुष्कळ पायऱ्या 'आम्ही'च्या वहीत राहतात. ज्याच्या शेजारी विचारण्यास कोणी आहे त्यास हा ग्रंथ आनंद देईल. एकट्याने वाचणाऱ्यास तो सर्व काही कळल्याचा भास देईल, आणि पहिले उदाहरण सोडविताना तो भास मोडेल. मोडलेला भास हा न कळण्याहून अधिक खच्ची करणारा असतो.

पेस्किन-श्रोडर यांचा पहिला गुण असा की, पहिल्याच प्रकरणात ते इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्यापासून म्यूऑनांची जोडी निर्माण होण्याची एक प्रत्यक्ष मोजण्याजोगी घटना पुढे ठेवतात आणि तिचे उत्तर युक्तीने काढून दाखवितात. ग्रंथ कोठे नेणार आहे हे वाचकास आधीच कळते. पाचव्या प्रकरणात तेच उत्तर रीतसर येते, आणि त्या प्रकरणाच्या उदाहरणांत 'भाभा स्कॅटरिंग' भेटते. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी १९३६ साली प्रकाशित केलेले हे गणित, म्हणजे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरण्याची संभाव्यता. ते विद्यार्थ्याने स्वतः सोडवावयाचे आहे. आठशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाचा दोष म्हणजे त्याचा भार. तो वर्गासाठी आणि अध्यापकासह वाचण्यासाठी लिहिलेला आहे, आणि एकट्या वाचकास कोणते पृष्ठ आज सोडून द्यावे हे त्यातून कळत नाही.

श्रेडनिकी यांच्या ग्रंथातील एक गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकाने घ्यावी अशी आहे. विद्यार्थ्यांस उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी काही समीकरणे दिली आहेत आणि ती ओळखीची वाटत असतील तरच पुढे जावे असे सुचविले आहे; शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्यासाठी आधी कोणती प्रकरणे वाचलेली असावीत हे नोंदविले आहे. पूर्वतयारीची अट उघड सांगणे हाच वाचकाचा खरा आदर. अट लपविली म्हणजे ती न पुरी करणारा स्वतःस मूर्ख समजतो. अट सांगितली म्हणजे तो केवळ स्वतःस अपुऱ्या तयारीचा समजतो, आणि तयारी करावयास लागतो.

पुण्याचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे तो 'आयुका'तील थानू पद्मनाभन यांच्यामुळे. त्यांचा 'क्वांटम फील्ड थिअरी : द व्हाय, व्हॉट अँड हाऊ' हा ग्रंथ २०१६ साली आला; २०२१ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. या ग्रंथात 'का' या प्रश्नास अग्रस्थान आहे. एका सापेक्षतावादी कणाच्या मार्गांची बेरीज करीत गेले की क्षेत्राची कल्पना आपोआप कशी पुढे येते, हे त्याच्या पहिल्या प्रकरणाचे प्रतिपाद्य. पुढे रिते अवकाश ढवळले असता काय घडते, याचा विचार येतो. ज्याने एकदा हा विषय वाचला आहे आणि ज्याच्या मनात 'हे असेच का' असा प्रश्न राहिला आहे, त्यास याहून उपकारक ग्रंथ क्वचितच सापडेल. पण प्रश्न मनात उठण्यापूर्वी त्याचे उत्तर दिले तर ते उत्तर ओझे होते. म्हणून त्याचे स्थान दुसरे, पहिले नव्हे.

या तुलनेतून पहिल्या स्थानी येते ते लाहिरी आणि पाल यांचे पुस्तक. त्याचे नावच प्रामाणिक आहे. त्याने एकच द्वार निवडले आहे आणि पाथ इंटिग्रलचे द्वार जाणूनबुजून बंद ठेवले आहे. अभिजात क्षेत्रांपासून निघून स्केलर क्षेत्र, डिरॅक क्षेत्र, आकृत्यांचे नियम, विखुरण्याचे गणित, रीनॉर्मलायझेशन आणि अखेरीस विद्युत्-दुर्बल सिद्धांत, असा त्याचा सरळ प्रवास आहे. त्याचे इंग्रजी साधे आहे. ज्यांस इंग्रजी ही शिकलेली भाषा आहे अशा वाचकांची जाणीव त्यात दिसते. पुस्तक सडपातळ असल्यामुळे शेवटपर्यंत पोहोचणे शक्य कोटीतील वाटते, आणि पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत हा गुण लहान नव्हे. त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. रीनॉर्मलायझेशनचा आशय त्यात थोडक्यात उरकला आहे, आणि आजच्या संशोधनात अनिवार्य असलेले पाथ इंटिग्रल अन्य ग्रंथातून शिकावे लागते. परंतु या उणिवा दुसऱ्या पुस्तकाने भरून काढता येतात. पहिल्या पुस्तकातच विश्वास गमावला तर दुसरे पुस्तक उघडलेच जात नाही.

एक उपाय पुष्कळदा सुचविला जातो : असा एखादा ग्रंथ मराठीत भाषांतरित करावा. परिभाषेची अडचण त्यास आड येते असे नाही. याच सातारा जिल्ह्यात वाई येथून मराठी विश्वकोशाचे काम चालत आले आहे, आणि 'पुंज', 'क्षेत्र', 'संवेग' यांसारखे शब्द मराठीत रुळलेले आहेत. मात्र प्रस्तुत विचारावरून असे दिसते की, गरज आहे ती संपूर्ण भाषांतराची नव्हे. विद्यार्थ्यास पुढे इंग्रजी ग्रंथच वाचावयाचे आहेत. त्यास हवी आहे ती एक मराठी प्रवेशिका : पूर्वतयारीची समीकरणे, गाळलेल्या पायऱ्या, आणि प्रत्येक 'सहज दिसते' च्या जागी ते कोणास व कसे दिसते याचा खुलासा. मराठीत लिहिताना 'आपण' की 'आम्ही' हे ठरविल्याशिवाय वाक्यच पुरे होत नसल्यामुळे अशी प्रवेशिका लिहिणाऱ्यास पायरी गाळणे अवघड जाईल. भाषेची ही अडचण येथे उपकारकच ठरते.

तात्पर्य, ग्रंथालयाने या विषयाची खरेदी करताना एकाच कीर्तिमान ग्रंथाच्या अनेक प्रती घेण्याऐवजी क्रम ध्यानी घ्यावा. श्रेडनिकी यांची प्रस्तावना ही प्रवेशपरीक्षा, लाहिरी-पाल हे पहिले पुस्तक, लेखणी हाती घेऊन वाचावयाचे, त्यानंतर पेस्किन-श्रोडर, सोबतीस झी आणि पद्मनाभन, आणि सर्व वाचून झाल्यावर परतून यावयाचे ठिकाण म्हणून वाइनबर्ग. शिफारशीच्या यादीत ग्रंथनामांबरोबर हा क्रम व त्याची कारणे चार ओळींत छापली, तरी रहिमतपूरच्या त्या विद्यार्थ्यास, आपण अडखळलो ते रस्त्यात की चालण्यात, हे ओळखण्याचे साधन मिळेल.